पाच तिकिटं आणि एक केक

सबंध ब्रिटनमध्ये रेल्वेला लुटणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे मी. हे मी ईस्टरच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, हातातला काटा हवेत उंच धरून सांगितलं होतं. वाक्य लक्षात ठेवा. मला नंतर ते कित्येकांनी परत ऐकवलं.

विषय निघाला तो ब्रायनीच्या लग्नावरून. ब्रायनी माझी एकुलती एक. लग्न टोबीशी, ब्रिस्टलला, आणि मी राहतो शेफिल्डला. माझी पूर्वीची बायको पॉलिन, तिचा आत्ताचा नवरा लायनेल, सगळे जेवायला जमलेले. लायनेलनं जन्मभर गाड्या विकल्या आणि आता रिटायर होऊन फक्त गाड्यांबद्दल बोलतो.

"नेव्हिल, मित्रा, आमच्याबरोबर गाडीतनं चल की," लायनेल म्हणाला. "जाऊन-येऊन पन्नास पौंडांचं डिझेल. चार माणसं बसली काय, एक बसलं काय, टाकीला कळतसुद्धा नाही. रेल्वेनं एकट्याचे किती घेतात माहितीये? एका बाजूचे एकशे चोवीस!"

"घेतात. तुझ्यासारख्यांकडून घेतात," मी म्हणालो. "मी सत्तेचाळीस पौंड वीस पेन्समध्ये जाणार."

आणि मग मी ते वरचं वाक्य बोललो.

आता युक्ती ऐका. शेफिल्ड ते ब्रिस्टल असं एक तिकीट मागितलं की एकशे चोवीस. पण शेफिल्ड ते चेस्टरफील्ड, चेस्टरफील्ड ते डर्बी, डर्बी ते टॅमवर्थ, टॅमवर्थ ते बर्मिंगहॅम आणि बर्मिंगहॅम ते ब्रिस्टल अशी पाच तिकिटं काढली की सत्तेचाळीस वीस. गाडी तीच, डबे तेच, त्याच संडासाला तेच कुलूप. फक्त कागदाचे तुकडे पाच. ही अक्कल कुठल्या माणसानं चालवली ते मला आजवर कळलेलं नाही. मी चाळीस वर्षं बेकरी चालवली. माझ्याकडे कुणी येऊन "एक पाव द्या" म्हणालं असतं आणि मी "अख्खा घेतला तर चार पौंड, पाच तुकडे करून घेतला तर दीड," असं म्हणालो असतो, तर गिऱ्हाइकानं पोलीस बोलावले असते. किंवा डॉक्टर.

बेकरी बंद झाली तेव्हा व्हॅन विकली. विमा, रस्त्याचा कर, दरवर्षीची तपासणी, त्यात पेट्रोल. उभ्या गाडीचं जेवण माझ्यापेक्षा महाग होतं. म्हणजे गाडी ठेवू शकत नाही म्हणून रेल्वे, आणि रेल्वे परवडत नाही म्हणून पाच तुकडे.

जेवण झाल्यावर ब्रायनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, दोन वाजता. दोन म्हणजे दोन. नोंदणी कार्यालय आहे, चर्च नाही. आमच्यानंतर अडीचला दुसऱ्या कुणाचं तरी लग्न आहे. थांबणार नाहीत."

"मी कधी उशीर केलाय?"

"माझ्या पदवीदानाला. स्वस्त पडतं म्हणून तीन बस बदलत आलात. तुम्ही पोचलात तेव्हा ते खुर्च्या एकावर एक रचत होते. माझ्याबरोबर फोटोत कोण आहे आठवतंय?"

आठवत होतं. लायनेल. दात काढून.

"मला तुमच्या हाताला धरून आत जायचंय," ती म्हणाली. "पण तुम्ही नसलात तर मी दारात उभी राहणार नाही. लायनेलच्या हाताला धरून जाईन. आधीच सांगतेय, नंतर रागावू नका."

एवढंच होतं सगळं. दोन वाजता ब्रिस्टलला असायचं, नाहीतर माझी मुलगी एका मोटारविक्याच्या हाताला धरून लग्नाला जाणार.

लग्नाचा केक अर्थात माझाच. तीन मजली, सुक्या मेव्याचा, तीन महिने ब्रँडी पाजलेला, आणि वर पांढरं आयसिंग. आजकालचं ते मऊ मलईसारखं नव्हे. माझं आयसिंग वाळलं की कापायला ताकद लागते. तीन मजले तीन खोक्यांत. मोठं खोकं दोन हातांत, मधलं त्याच्यावर, आणि धाकटं पिशवीत, मनगटाला.

लग्नाच्या दिवशी, शनिवारी, गाडी नऊ वीसची. बारा दहाला ब्रिस्टल. दोन वाजायला जवळजवळ दोन तास. मी फलाटावर उभा राहून लायनेलला कीव करणारा संदेश पाठवला. तो आणि पॉलिन आदल्या रात्रीच ब्रिस्टलला पोचले होते.

गाडी नऊ एक्कावन्नला आली. आणि आठ डब्यांऐवजी चार डब्यांची आली.

इथं युक्तीतली पहिली मेख सांगतो. पाच तिकिटं म्हणजे पाच वेगवेगळ्या जागा. शेफिल्ड ते चेस्टरफील्ड सी डब्यात चौदा नंबर. चेस्टरफील्डला उठून ए डब्यात बावन्न. डर्बीला पुन्हा सी. असं प्रत्येक स्टेशनवर आपलं बिऱ्हाड उचलायचं. घरी बसून हे मजेशीर वाटतं. तीन खोकी घेऊन, ज्या गाडीत आठ डब्यांची माणसं चार डब्यांत कोंबलीयेत त्या गाडीत, वाटत नाही.

चेस्टरफील्डला मी खोकी डोक्यावर धरून "माफ करा, माफ करा, लग्नाचा केक, माफ करा" करत ए डब्याकडे निघालो. बी डबा संपला आणि पुढं भिंत. तिकीट तपासनीस तिथंच उभी होती. साठीची बाई, छातीवर नावाची पट्टी, गेनॉर.

"ए डबा कुठंय?" मी विचारलं.

"आज आलेला नाही, राजा."

"आलेला नाही म्हणजे? आजारी आहे का तो?"

"चार डबे दुरुस्तीला आहेत. कुठंही उभं राहा."

"मी बावन्न नंबरच्या जागेचे पैसे भरलेत."

"जागेचे नाही, राजा. प्रवासाचे भरलेत. जागा फुकट असते. म्हणूनच ती नाहीये."

मी काही बोलणार तेवढ्यात ती गर्दीत दिसेनाशी झाली.

डर्बीला एक टोळकं चढलं. दुसऱ्याच कुठल्या तरी नवऱ्यामुलाचे मित्र, लग्नाआधीची दारू प्यायला निघालेले, सकाळी साडेदहालाच अर्धे पिऊन झालेले. नवरामुलगा बदकाच्या वेषात. पिवळा, गुबगुबीत, सहा फुटी. मला डर्बीला एक जागा मिळाली होती, म्हणजे माझी नव्हे, कुणाची तरी. मी धाकटं खोकं क्षणभर शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि बदक त्यावर बसलं.

पूर्ण वजनानिशी. मी डोळे मिटून घेतले. कानावर किंकाळी आली.

बदकाची. ते कंबर धरून उठलं आणि म्हणालं, "आजोबा, काय भरलंय यात? विटा?"

मी खोकं उघडलं. झाकण चेपलं होतं. केकला ओरखडासुद्धा नाही. आयसिंगमध्ये एक पिवळं पीस रुतलं होतं, ते उपटून काढलं. बदक तिथून पुढं उभ्यानंच गेलं.

"बाबा, काय चाललंय?" ब्रायनीचा फोन आला.

"उत्तम! वेळेत आहे."

"मी मोबाईलवर बघतेय. गाडी छत्तीस मिनिटं उशिरा आहे."

"छत्तीस गेली तरी सव्वा तास उरतो. आणि सत्तेचाळीस वीसमध्ये."

"बाबा, मला आकडा नकोय. तुम्ही हवे आहात," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात गाडीत घोषणा झाली. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ही गाडी टॅमवर्थला थांबणार नाही. टॅमवर्थच्या प्रवाशांनी बर्मिंगहॅमला उतरून मागं यावं. डब्यात दोनचार जण शिव्या देत उठले. मी खूश झालो. टॅमवर्थला मला जागा बदलायला लागणार नव्हती. टॅमवर्थचा फलाट खिडकीतनं सर्रकन गेला आणि मी त्याला हात केला.

पाच मिनिटांनी गेनॉर आली. मी पाची तिकिटं पत्त्यांसारखी पसरून तिच्यासमोर धरली, जरा ऐटीतच. तिनं चष्मा नाकावर खाली ओढला.

"डर्बी ते टॅमवर्थ एक. टॅमवर्थ ते बर्मिंगहॅम दुसरं."

"बरोब्बर."

"पण गाडी टॅमवर्थला थांबली नाही."

"मी बघितलं. हात केला मी."

"तिकीट जिथं बदलतं तिथं गाडी थांबायला पाहिजे. नाहीतर दोन्ही तिकिटं बाद. नियम आहे, राजा."

मला आधी वाटलं बाई थट्टा करतेय.

"अहो, ती थांबणारच होती! वेळापत्रकात आहे! तुम्ही लोकांनी उडवलंत ते स्टेशन!"

"मी नाही उडवलं. वरून आलं."

"मी तर आणखी नाही उडवलं!"

"तुमची चूक आहे असं कोण म्हणतंय? फक्त तुमच्याकडे तिकीट नाहीये. तुमचं एक तिकीट टॅमवर्थला संपलं, आणि दुसरं टॅमवर्थला गाडीत चढणाऱ्या माणसाचं आहे. तुम्ही टॅमवर्थला चढलात?"

"कसा चढणार? मी आतच होतो!"

"मग."

"मग मी आत्ता कुठं आहे तुमच्या मते?"

तिनं खरोखर विचार केला. "नियमाप्रमाणे? टॅमवर्थच्या फलाटावर."

सगळा डबा ऐकत होता. बदक म्हणालं, "आजोबा, तिथं चहा बरा मिळतो का?"

गेनॉर वाईट नव्हती, हे आता मी कबूल करतो. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "हे बघा, डर्बी ते बर्मिंगहॅम नवं तिकीट काढा, चोवीस पौंड साठ. मिटलं. गप बसून ब्रिस्टलला जा. लग्नाला चाललात ना?"

चोवीस साठ. सत्तेचाळीस वीसमध्ये चोवीस साठ मिळवले तरी एकाहत्तर ऐंशी. तरीही मी जिंकलोच होतो. पण लायनेलचे दात माझ्या डोळ्यांसमोर आले. शिवाय हा राग होता, साधा, स्वच्छ राग. गाडी त्यांची, उशीर त्यांचा, न थांबणं त्यांचं, आणि दंड माझा?

"एक पेनी देणार नाही," मी म्हणालो.

"राजा, बर्मिंगहॅमला तपासणीची माणसं उभी असतात."

"असू देत. बोलवा सगळ्यांना. त्यांच्या साहेबाला पण बोलवा."

साहेब आला नाही. बर्मिंगहॅमला पिवळी जाकिटं घातलेली दोन पोरं आली. मला, तीन खोकी आणि पाच तिकिटं फलाटावर उतरवून घेतलं आणि एक फॉर्म भरायला लागली. नाव. पत्ता. जन्मतारीख. "डोळ्यांचा रंग?" "लाल," मी म्हणालो. त्यानं 'तपकिरी' लिहिलं. "खोक्यांत काय?" "केक." "उघडा." उघडलं. एकानं आयसिंगवर टिचकी मारून बघितली आणि बोट झटकलं.

फॉर्मचं तिसरं पान चालू होतं तेव्हा माझ्या मागं गाडीची दारं मिटल्याचा आवाज आला. खिडकीतनं बदकानं मला पंख हलवून निरोप दिला.

"ठीक आहे," मी म्हणालो, "पुढच्या गाडीनं जातो. बर्मिंगहॅम ते ब्रिस्टल तिकीट आहे माझ्याकडे. टॅमवर्थचा काही संबंध नाही त्याच्याशी."

पोरानं तिकीट उलटसुलट केलं. "हे फक्त त्याच गाडीला चालतं."

"कुठल्या?"

त्यानं रुळांकडे बोट दाखवलं. रूळ रिकामे होते.

बर्मिंगहॅम ते ब्रिस्टल, आत्ताच्या आत्ता, एकसष्ट पौंड नव्वद. शेफिल्डपासनंच्या पाची तिकिटांपेक्षा जास्त. तिकीट खिडकीतल्या पोरीला मी विचारलं, "बाई, या पैशात मला स्पेनला विमान मिळेल, माहितीये?" ती म्हणाली, "मिळेल की. पण लग्न ब्रिस्टलला आहे ना?" मी केव्हा तिला लग्नाचं सांगितलं होतं, आठवत नाही. बहुतेक मी तोवर सगळ्यांनाच ओरडून सांगत होतो.

भरले. रागावण्यातसुद्धा पैसे जातात हे मला बर्मिंगहॅमला कळलं.

अकरा बेचाळीसची गाडी वेळेवर सुटली. मी अजून हिशेबात होतो: एकला ब्रिस्टल, तास हातात. बारा बावीसला गाडी चेल्टनमला थांबली. थांबून राहिली. मग घोषणा. गाडीच्या चालकाची पाळी संपली आहे. पुढची पाळी घेणारा चालक याच गाडीला भेटायला निघाला होता, पण तो दुसऱ्या एका उशिरा धावणाऱ्या गाडीत अडकला आहे. प्रवाशांनी स्टेशनबाहेर यावं. बस येईल.

बस बारा पन्नासला येणार होती आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला भेट देत दोन पस्तीसला ब्रिस्टलला जाणार होती.

मी चेल्टनमच्या गाडीतळावर मोठ्या खोक्यावर बसलो. ते खचलं नाही. मग मी फोन केला.

"बाबा, कुठं आहात?" ब्रायनीचा आवाज हळू होता. मागं कुणीतरी केसांवर काहीतरी फवारत होतं.

"चेल्टनम."

"पाच तिकिटं काढून?"

"सात," मी म्हणालो. दंडाचा कागद धरून.

तिनं फोन बाजूला धरून कुणाला तरी "चेल्टनम" असं सांगितलं. रडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "लायनेल निघालाय. तिथंच थांबा."

"त्याला सांग नको—"

"बाबा, गप्प बसा. एकदा तरी. केक कसा आहे?"

"केकला काहीही झालेलं नाही."

लायनेल एक दहाला आला. कोटाच्या खिशात फूल, पायात करकरीत नवे बूट. खोकी त्यानंच उचलून मागच्या सीटवर ठेवली, तिन्हींना पट्टा लावला. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो. ते मोटारमार्गाला लागल्यावर आलं.

"किती झाले, नेव्हिल?"

"काय किती?"

"सत्तेचाळीस वीसचे."

"एकशे नऊ दहा. आणि दंड वेगळा, तो घरी येणार आहे."

तो हसला नाही. मला वाटलं हसला असता तर मी त्याला तिथंच उतरवलं असतं, त्याच्याच गाडीतनं.

"मी बूट घेतले होते," तो थोड्या वेळानं म्हणाला. "तू नाही आलास तर मला चालायचं होतं ना. पॉलिन म्हणाली जुने बरे नाहीत दिसत."

"मग आलास कशाला मला न्यायला? तिथंच उभं राहायचंस. एक तासात तुझाच नंबर होता."

"पोरगी रडत होती रे," तो म्हणाला आणि वेग वाढवला.

त्यानंतर मला त्याच्यावर नीट रागावता येईना, याचाच फार राग आला.

ब्रिस्टलच्या हद्दीवर मात्र देव आहे असं वाटलं. कॅमेऱ्याची पाटी दिसली. जुन्या डिझेल गाडीनं शहरात धूर आणल्याचे दिवसाला नऊ पौंड. लायनेलनं स्टिअरिंगवर हात आपटला.

"काल नऊ, आज बाहेर जाऊन परत आलो त्याचे—"

"दिवसाला एकदाच असतील," मी समजुतीनं म्हणालो. "काल नऊ, आज नऊ. हॉटेलच्या पार्किंगचे?"

"अठ्ठावीस."

"आणि हा चेल्टनमचा फेरा, डिझेलचे बारा-पंधरा?"

"तू गप बस."

"पन्नास म्हणाला होतास तू, लायनेल. ईस्टरला. टाकीला कळत नाही म्हणाला होतास."

एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही नोंदणी कार्यालयासमोर आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी पिवळ्या रेघा, म्हणजे गाडी क्षणभरही लावायची नाही. उभं राहायला एक इंच जागा नाही. ब्रायनी पायऱ्यांवर उभी, हातात फुलं, डोळे रस्त्यावर.

"उतर!" लायनेल ओरडला. "पळ! केक मी बघतो!"

मी पळालो. सहासष्ट वर्षांचा माणूस पळतो तसा. ब्रायनीनं माझा टाय सरळ केला, कोटावरनं एक पिवळं पीस उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि फुंकून टाकलं. हात माझ्या हातात घातला.

"आलात," ती म्हणाली.

"म्हटलं होतं ना."

आम्ही दारातनं आत पाऊल टाकतोय तेवढ्यात पॉलिन खिडकीतनं डोकं काढून किंचाळली, "लायनेल! अरे, साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय! वर ये! ती नोंदणीवाली बाई तुझ्यावाचून सुरू करत नाहीये!"

मी मागं वळून बघितलं. लायनेलनं रेघांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, गाडीचे धोक्याचे दिवे लुकलुकते सोडले आणि नव्या बुटांनी पायऱ्या चढला.

"दोन मिनिटं," तो जाता जाता गाडीला म्हणाला.

मी मुलीला आत घेऊन गेलो. सतरा पावलं होती. मी मोजली, कारण दुसरं काही बघितलं असतं तर डोळे भरले असते. लायनेल माझ्या मागच्या रांगेत बसून धापा टाकत होता. ब्रायनी हो म्हणाली, टोबी हो म्हणाला, सगळ्यांनी सह्या केल्या. सही करताना लायनेलनं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. तेवढं पुरे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. रेघा जागेवर होत्या. गाडी उचलून नेली होती. केक मागच्या सीटवर होता, पट्ट्यात.